न पुसलेली सुरी

पाऊस उघडला, माती पायाला चिकटायची थांबली आणि छाटणीचे दिवस आले.

म्हातारी उजाडल्यापासून ओट्यावर बसून होती. मांडीवर वाकडी सुरी. सुरीची मूठ लाकडाची, हात लागून लागून गुळगुळीत झालेली, आणि पातं दगडावर घासून घासून मूळच्या निम्मं उरलेलं. ती मधूनमधून अंगठ्याच्या पोटानं धार बघायची. आता डोळ्यांनी तिला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. बाकीचं सगळं बोटांनी.

सुरी तिच्या नवऱ्याची. त्याला सगळे वैद्य म्हणायचे. औषध त्यानं जन्मात कुणाला दिलं नाही, पण गुलाबाचं पान असं बोटांत धरायचा की रोग्याची नाडी बघतोय असं वाटावं. पानाच्या पाठीशी मावा बसलाय की लाल कोळी, हे तो पान न उलटता सांगायचा. "आणि घरातलं मीठ संपलंय हे चार वेळा सांगूनही कळायचं नाही," असं म्हातारी सुनेला सांगायची, आणि दोघी हसायच्या.

बागेच्या तोंडाशी एक गुलाब होता. त्याला घरात थोरलं झाड म्हणत. दगडधोंड्यांचा हा उतार नुकता हाती आला होता, तेव्हा वैद्यानं त्याची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती, आणि काडीच्या पाठोपाठ बायको. कोण आधी रुजलं, यावर दोघांचा आयुष्यभर वाद चालला. पुढं त्याच झाडाचे डोळे, म्हणजे फांदीवरचे बारीक कोंब, काढून, रानगुलाबाच्या खुंटावर भरून, बागेतलं एकेक झाड उभं राहिलं. फिक्या गुलाबी रंगाची, फार पाकळ्यांची फुलं. बाजारात ती टोपलीतून काढायच्या आधी वासानं ओळखू यायची.

म्हणून छाटणीची एक रीत वैद्यानं घालून दिली होती. पहिला काप थोरल्या झाडाला. मग तीच सुरी घेऊन एकेका सरीतून शेवटच्या झाडापर्यंत जायचं, आणि मध्ये सुरी पुसायची नाही. आईचा हात लेकरांच्या पाठीवरून फिरतो, तसा थोरल्याचा रस सगळ्यांना लागला पाहिजे. इतर बागवान सुरी पुसतात की नाही, हे त्यानं कधी विचारलं नाही. त्याची बाग फुलत होती. म्हातारी सुरी चालवायची आणि तोंडानं गुणगुणायची:

पहिला माझा काप ग, थोरल्या झाडाला
त्याची ओल लागू दे, साऱ्या लेकी-नातीला.

सून या घरात आली तेव्हा तिला आई नव्हती. पहिल्याच छाटणीला म्हातारीनं मागून तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि सुरीला धरून शिकवलं. डोळ्याच्या बोटभर वर, तिरका काप, उतार डोळ्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर साठत नाही. सुनेच्या पाठीला म्हातारीचा श्वास लागत होता. इतक्या जवळून आपल्याला कुणी काही शिकवलेलं तिला आठवत नव्हतं.

वैद्य गेला तो पावसाळ्यात. त्याच दिवसांत वादळ झालं आणि थोरल्या झाडाची जाड फांदी मोडली. सालीला धरून ती कितीतरी दिवस तशीच लोंबकळत राहिली. घरात कुणाला बागेकडं बघायची शुद्ध नव्हती. पुढं फांदी वाळून पडली, तिथं जखमेचं तोंड उघडं राहिलं, आणि त्या तोंडापासून खाली काळपट रेघ उतरू लागली. म्हातारं झाड आहे, चालायचंच, असं सगळे म्हणाले. म्हातारीनं त्या वर्षीही पहिला काप त्यालाच दिला.

त्यानंतरच्या फुटव्यात बागेचं काहीतरी बिनसलं.

आधी वाटलं, नेहमीचीच दुखणी असतील. पानांवर काळे ठिपके आले, भोवती पिवळं पडून पानं गळू लागली. सुनेनं खाली पडलेलं एकेक पान वेचून टोपल्या भरल्या आणि लांब नेऊन पुरल्या. मग भुरी आली, कोवळ्या पानांवर पीठ सांडल्यासारखी. म्हातारीच्या मुलानं पंप पाठीला बांधून गंधक मारलं, पंपाच्या पट्ट्यानं त्याचे खांदे सोलून निघाले. कळ्यांच्या देठांवर मावा दाटला, तेव्हा सासू-सुनेनं साबणाचं पाणी करून दोन बोटांत एकेक कळी धुतली. म्हातारीला मावा दिसत नव्हता, पण बोटांना चिकट लागलं की ती म्हणायची, "आहेत हो इथं पाहुणे." ठिपके गेले, भुरी गेली, पाहुणे गेले. तरी शेंडे काळे पडत राहिले. काळेपणा फांदीच्या टोकापासून निघायचा आणि खाली उतरायचा, दिव्याची वात जळत यावी तसा. बुंध्याशी पोचला की झाड गेलं.

आता पुन्हा छाटणी आली होती. म्हातारी सुरी घेऊन उठली, तेव्हा सून म्हणाली, आज नको, आई, मी जरा बाजारात जाऊन येते. तिनं काळ्या पडलेल्या काड्या पिशवीत घातल्या आणि औषधांच्या दुकानात गेली.

दुकानदार जाडजूड आणि गप्पिष्ट होता. गुलाबवाल्या बाईला बघून त्यानं नेहमीप्रमाणं, फुलं आणलीत की नुसतेच काटे, असं विचारलं. मग काडी उभी चिरली, आतला तपकिरी गाभा बघितला, आणि बाटली काढायच्या आधी विचारलं, छाटता कशानं. तिनं सांगितलं. थोड्या अभिमानानंच सांगितलं: सासऱ्यांची सुरी, पहिला काप थोरल्या झाडाला, मध्ये पुसायची नाही.

दुकानदाराचा चेहरा बदलला.

"थोरल्या झाडाला हे दुखणं आहे?"

"आहे. सगळ्यांत आधी त्यालाच आलं."

"मग औषध मी कशावर मारायला देऊ, बाई? झाडांवर की सुरीवर?"

त्यानं सगळं समजावून सांगितलं. काळ्याच्या खाली वीतभर, गाभा पांढरा लागेपर्यंत छाटायचं. प्रत्येक झाडानंतर हत्यार उकळत्या पाण्यात बुडवायचं. कापावर मोरचूद आणि चुन्याचा लेप लावायचा. छाटलेलं जाळायचं. आणि ज्या झाडापासून सुरुवात झाली, ते मुळासकट काढायचं, सगळ्यांत आधी.

घराकडं चालताना तिला सारखा पाठीवर म्हातारीचा तो श्वास जाणवत होता.

तिनं नवऱ्याला गोठ्यामागं बोलावून सांगितलं. तो बराच वेळ टाचेनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "आईला कोण सांगणार?" कसं सांगायचं हे दोघांनी चार प्रकारे जुळवून बघितलं. कसंही सांगितलं तरी शेवटी तेच निघत होतं: बाग तुम्ही मारलीत. तुम्ही आणि बाबांनी.

सांगायचं नाही, असं ठरलं.

मुलानं सुरीची मूठ ढिली झालीय, नीट करून आणतो, असं सांगून ती नेली आणि धान्याच्या कोठीत तळाशी दडवली. म्हातारीला ओट्यावर बसवून शेजारच्या बागांतल्या फुलांच्या देठांचे काटे काढायचं काम दिलं. तिनं ते मुकाट्यानं घेतलं. पण दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, आणि मग विचारायची थांबली. इतक्या वर्षांत काटे काढायला तिनं फक्त नवख्यांनाच बसवलं होतं.

नवरा-बायको नवी कात्री घेऊन बागेत उतरले. सरीच्या टोकाला चूल मांडली, तिच्यावर पातेलं. एक झाड छाटायचं, कात्री उकळत्या पाण्यात बुडवायची, पुढचं झाड. वाफेनं सुनेच्या मनगटांवर लाल चट्टे उठले. लेपानं नखं निळी झाली. म्हातारीला ओट्यावरून धुराचा वास यायचा. एकदा तिनं विचारलं, बागेत पाणी कशाला उकळताय. मुलगा म्हणाला, चहाला.

"एवढा चहा?" म्हातारी म्हणाली. "झाडांना पाजताय की काय?"

मुलगा हसला, सूनही हसली. म्हातारी हसली नाही. तिनं तोंड बागेकडं वळवलं आणि कान देऊन बसली.

वरच्या सऱ्या हाताबाहेर गेल्या होत्या. त्या एकेक करून उपटल्या, जाळल्या. म्हातारीला सांगितलं, जुनी झाडं होती, जागा मोकळी करतोय. खालचा तुकडा मात्र वाचला. तिथली झाडं कोवळी होती, दुखणं वरच्यावर होतं, वेळेत काप गेला. थोड्याच दिवसांत तिथं तांबूस धुमारे फुटले, नखाएवढे, मग बोटाएवढे. मुलगा संध्याकाळी नुसता तिथं जाऊन उभा राहायचा. एवढा तुकडा राहिला तर याच्याच डोळ्यांवर बाग पुन्हा उभी राहील, थोरल्याचा वास राहील. हा तुकडा गेला की ते फूल संपलं. दुसरीकडं ते कुठंच नव्हतं.

राहिलं होतं थोरलं झाड. ते सगळ्यांत आधी काढायचं होतं. दोनदा मुलगा कुदळ घेऊन गेला आणि दोनदा परत आला. म्हातारी रोज सकाळी काठी टेकत तिथंवर जायची, बुंध्यावर हात ठेवायची आणि परत यायची. "आई मावशीकडं जाईल तेव्हा काढू," तो म्हणाला. तोवर त्यांनी झाडाला वरपासून खालपर्यंत लेप फासून ठेवला. म्हातारीनं हात ठेवला, बोटं चोळली, वास घेतला आणि काही विचारलं नाही.

मग सून तापानं पडली. ओल्या पायांनी दिवसभर उभं राहून शरीर थकलं होतं, ताप डोक्यात चढला. मुलानं थोडे दिवस घरी काढले, पण शेजारच्या बागांची फुलं वाहून न्यायचं काम सोडून चालणार नव्हतं; तो उजाडायच्या आधी जायचा, अंधार पडल्यावर यायचा, बागेत उतरणं होत नव्हतं. म्हातारीनं सुनेचं सगळं केलं. कपाळावर ओली घडी ठेवली, पेज भरवली, केसांतून हात फिरवला. तापाच्या गुंगीत सून बडबडायची, आणि त्या बडबडीत एकच गोष्ट: झाडं मरतात, आई, झाडं मरतात.

पेजेला तांदूळ घ्यायला म्हातारीनं कोठीत हात घातला. वरचे डबे रिकामे होते, म्हणून खोलवर घातला. बोटांना मूठ लागली.

ती कोठीशी खाली बसली. मूठ हलवून बघितली. ढिली नव्हती.

मुलानं सुरी का दडवली, याचा तिनं आपल्या परीनं उलगडा केला. डोळे गेलेली बाई हात कापून घेईल, म्हणून. आणि सुरी दडवल्यापासूनच तर सरीमागून सरी जात होती. कानांनी तिनं सगळं मोजलं होतं: उपटल्याचा आवाज, ओढत नेल्याचा, जाळाचा. पोरांना रीत जुनाट वाटली असेल. त्यांनी कात्री आणली, थोरल्याची ओल लेकरांना लागली नाही, लेकरं सुकली. आणि ही पोर झाडांच्या काळजीनं तापात बरळतेय.

दुपारी सुनेला झोप लागली. म्हातारीनं तिच्या अंगावर पांघरूण सारखं केलं, काठी घेतली, पदराआड सुरी घेतली आणि बागेत गेली. थोरल्या झाडाचा लेप नखानं खरवडला, पहिला काप दिला. मग खालच्या तुकड्यात उतरली. जास्त कापायचं नव्हतं, नुसता स्पर्श. धुमारा चाचपायचा, डोळा शोधायचा, त्याच्या बोटभर वर तिरका काप. पाठ वाकेना, म्हणून ती सरीत गुडघ्यांवर सरकत गेली. हात काट्यांनी ओरखडले. तिला ऊन कळत होतं आणि धुमाऱ्यांची लव कळत होती, आणि ती हलक्या आवाजात गात होती. सून उठेल तेव्हा तिला बाग फुटलेली दिसू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

सुरी तिनं होती तिथं ठेवून दिली. रात्री मुलगा पाहतो तर आईच्या हातांवर ओरखडे. विचारलं, तर म्हणाली, काटे काढताना लागले.

सून तापातून उठली ती कितीतरी दिवसांनी, तोवर ऊन कडक झालं होतं. भिंतीला धरून ती ओट्यावर आली. म्हातारीचा चेहरा उजळला. जा, म्हणाली, जरा खालच्या तुकड्यात जाऊन बघून ये. सुनेला नवल वाटलं, पण ती गेली.

धुमारे उभे होते. प्रत्येकाच्या टोकाशी काळं. आणि प्रत्येक काळ्या टोकावर एक काप होता. कात्रीचा काप थोडा चेंगरतो. हा चेंगरलेला नव्हता. सुरीचा, नितळ, तिरका, डोळ्याच्या बोटभर वर, उतार उलट्या बाजूला. ती झाडामागून झाड बघत गेली. सगळीकडं तोच हात. असा काप या घरात दोघींनाच येत होता.

तिनं सरीतच बसकण मारली. मागून पावलं आली. नवरा तिला बघायला उतरला होता. त्यानं झाडं बघितली. एक शेंडा मोडून आतला गाभा बघितला, दुसरा मोडला, तिसरा मोडला. गाभा बुंध्यापर्यंत तपकिरी होता.

"कुणी?" तो म्हणाला.

ओटा वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर होता. म्हातारी तिथं कान देऊन बसली होती.

"मी," सून म्हणाली. "ताप यायच्या आधी. कात्री सापडली नाही म्हणून बाबांची सुरी घेतली. पाणी उकळलं नाही."

तो तिच्याकडं बघत राहिला. तिच्या हातावरचे भाजल्याचे चट्टे अजून गेले नव्हते. तेही त्यानं बघितले असतील, पण रागात माणसाला बघितलेलं दिसत नाही. तो मोठ्यानं बोलला नाही. सावकाश बोलला, म्हणून प्रत्येक शब्द ओट्यापर्यंत पोचला.

"तुझं नव्हतंच ना हे घर. म्हणून."

दुसऱ्या दिवशी ते दोघं न बोलता झाडं उपटत होते. मुलगा उपटत होता, सून ओढून जाळाशी नेत होती. जाळ भर उन्हात दिसत नव्हता, नुसती हवा थरथरत होती. म्हातारी काठी टेकत उतारावरून आली. तिला हात द्यायला सून धावली, तर म्हातारीनं हात पुढं केला आणि म्हणाली, एक काडी दे त्यातली.

सुनेनं दिली नाही. म्हातारी वाकली, जमिनीवर चाचपून स्वतःच एक काडी उचलली. टोकावरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. काळं झालेलं लाकूड बोटांना कोरडं आणि खोलगट लागतं. पण कापाचा उतार तसाच होता.

"हा माझा काप आहे," ती म्हणाली.

मुलगा थांबला.

"हिला ताप होता. हिचं अंग मी पुसत होते. ही कधी छाटायला आली?" मग थोड्या वेळानं, "सुरीनं होतं ना हे? सुरी पुसली नाही म्हणून?"

जाळात एक ओली फांदी तडतडली.

"मग पातेलं त्याच्यासाठी होतं." ती स्वतःशीच मान हलवत राहिली. "मला सांगितलं का नाही? डोळे गेले होते रे माझे. कान होते ना."

मुलगा खाली बसला आणि त्यानं दोन्ही मातकट हातांत तोंड झाकलं. म्हातारीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मध्येच परत घेतला. हाताकडं तोंड करून उभी राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

थोरलं झाड त्याच दुपारी काढलं. मुलानं आपला बेत सांगितला तशी ती म्हणाली, आता मी मावशीकडं जायची वाट बघू नकोस. मुलानं मुळं खणली. ती बुंधा धरून उभी होती, झाड कलू लागलं तसं तिला वजन कळलं, आणि तिनं ते हलकेच सोडलं. गायला तोंड उघडलं होतं. "पहिला माझा," एवढंच आलं. मग तिनं सुनेला चूल पेटवायला सांगितली. सुरी पातेल्यात घातली, पाणी खळखळून उकळेपर्यंत उभी राहिली. थंड झाल्यावर पदरानं पुसली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मूठ पुढं करून सुनेच्या हातात दिली. मुलगा तिथंच उभा होता. तो बायकोला म्हणाला, "बस जरा, तुला उभं राहवत नाहीये," आणि कालचं आपलं बोलणं आठवून तोंड फिरवून निघून गेला.

हौदाच्या मागं, भिंतीच्या खाचेत, एक झाड सुटलं होतं. सरीच्या ओळीत ते नव्हतं, एका उरलेल्या खुंटावर सुनेनं सहज डोळा भरला होता. म्हातारीला तिथं झाड असल्याचं माहीत नव्हतं, तिच्या बोटांना ते सापडलं नव्हतं. सगळी बाग जळून गेल्यावर ते सुनेला दिसलं, निरोगी, शेंड्यापर्यंत हिरवं.

ऊन कलतं झाल्यावर ती म्हातारीला तिथं घेऊन गेली. झाडाला एकच फूल आलं होतं. वास आधीच आला, आणि म्हातारी जागच्या जागी थांबली.

"एक राहिलंय, आई," सून म्हणाली. "हात लावून बघा. कोवळं आहे."

तिनं म्हातारीचा हात धरून पुढं नेला. म्हातारीनं तो सोडवून घेतला. दोन्ही हात पाठीमागं नेले, एकात एक घट्ट धरले. शाळेत उभं केलेल्या पोरीसारखी ती तशीच पुढं वाकली, चेहऱ्यानं फूल शोधलं आणि श्वास घेतला.

"आहे," ती म्हणाली. "तेच आहे."

त्यानंतर ती रोज यायची. सून तिला पानं किती, धुमारे किती, पाहुणे आलेत का, ते सांगायची. ती ऐकायची, वास घ्यायची. हात कधी पाठीमागून पुढं आले नाहीत.